'ऐकत नाही' की 'ऐकू येत नाही'?

या सदरात सहसा डॉक्टर लिहितात. मी डॉक्टर नाही. १९९२ साली एका जिल्ह्याच्या निरीक्षणगृहात मुलांवर देखरेख ठेवणारा अधिकारी म्हणून रुजू झालो आणि २०२३ साली निवृत्त झालो. आरोग्याचे जे थोडेफार मला कळते, ते त्या मुलांमुळे आणि त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांमुळे. ते प्रत्येक आई-वडिलांच्या आणि शिक्षकांच्या कामाचे आहे असे वाटते, म्हणून लिहितो.

निरीक्षणगृह म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. लोक त्याला आजही 'रिमांड होम' म्हणतात आणि मुलांचा तुरुंग समजतात. तो तुरुंग नव्हे. कायदा मोडल्याचा आरोप असलेल्या मुलाची चौकशी चालू असताना, त्याला घरी पाठवणे शक्य नसेल तर तिथे ठेवतात. १९८६च्या कायद्यात मुलांसाठी ही वयोमर्यादा १६ वर्षांची होती, २०००च्या कायद्याने ती १८ झाली. आज २०१५चा बाल न्याय कायदा लागू आहे. मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर हजर करावे लागते. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत एक तरी महिला असते.

माझे काम सकाळी मुलांना उठवण्यापासून रात्री दिवे मालवेपर्यंतचे. हजेरी, प्रार्थना, नाश्ता, अभ्यास, खेळ, जेवण, पुन्हा हजेरी. आठवड्यातून काही रात्री जागरण. शिवाय प्रत्येक मुलाच्या वागणुकीची नोंद करायची. परिविक्षा अधिकारी आपला अहवाल तयार करताना ती नोंद वाचत आणि तो अहवाल न्यायासनासमोर जाई. म्हणजे माझ्या दोन ओळींना वजन होते. ते किती होते, हे मला एका मुलाने शिकवले.

डाव्या बाजूने वाढलेले कळत नाही

१९९६ सालचा पावसाळा. चौदा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. तांब्याची तार चोरून भंगारात विकल्याचा आरोप होता. त्याचे नाव कायद्याने सांगता येत नाही, आणि येत असते तरी सांगितले नसते.

पहिल्या दिवसापासून हा मुलगा माझ्या डोक्यात गेला. 'रांगेत उभा राहा' म्हटले तर हा खिडकीपाशी. 'ताट धुऊन ठेव' म्हटले तर नुसता बघत राहायचा. प्रश्न एक विचारला तर उत्तर भलतेच, मग बाकीची मुले हसायची. मला वाटायचे, हा मुद्दाम माझी टिंगल करतो आहे. पाचव्या दिवशी मी नोंदवहीत लिहिले : 'उद्धट. सांगितलेले ऐकत नाही. शिस्तीला जुमानत नाही.'

त्याच संध्याकाळी हजेरीच्या वेळी तो पाठमोरा उभा होता. मी तीनदा हाक मारली. तो वळला नाही. सगळी मुले माझ्याकडे पाहत होती. मी पुढे गेलो, त्याला खांद्याला धरून वळवले आणि डाव्या कानाखाली एक ठेवून दिली. तो रडला नाही, चिडलाही नाही. त्याच्या चेहऱ्यावर फक्त एकच भाव होता : 'मी काय केलं?' तो चेहरा आजही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

उलगडा केला तो आमच्या स्वयंपाक करणाऱ्या मामांनी. दुसऱ्या दिवशी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, ह्या पोराला डाव्या बाजूने वाढलेलं कळत नाही. भात घेतोस का म्हणून विचारलं तर हू की चू करत नाही. उजवीकडून विचारलं की लगेच ताट पुढं करतो. आणि त्याच्या उशीला वास येतो बघा."

उशी पाहिली. पिवळट डाग होते. कान वाहत होता.

मी त्याला सिव्हिल हॉस्पिटलला नेले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दोन्ही कान तपासले. डाव्या कानाच्या पडद्याला मोठे भोक, उजव्याला लहान. लहानपणापासून सर्दी झाली की कान फुटायचा, घरचे लसणाचे तेल कोमट करून घालायचे. डॉक्टरांनी मला विचारले, "याला कुणी कानाखाली मारतं का?"

मी म्हटले, "काल मीच मारलं."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे भोक तुमच्यामुळं पडलेलं नाही, जुनं आहे. पण लक्षात ठेवा, कानशिलात बसलेल्या एका चपराकीनं चांगला पडदासुद्धा फाटतो. शिक्षा म्हणून मारलेल्या माराचे कान आमच्याकडे येतात."

परत आल्यावर मी नोंदवही काढली. आधीची ओळ खोडली नाही, ती तशीच ठेवली. खाली तारीख घालून लिहिले : 'वरील नोंद चुकीची आहे. मुलाला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. वैद्यकीय कागद सोबत जोडला आहे.' परिविक्षा अधिकाऱ्यांना स्वतः जाऊन सांगितले. त्यांनी मुलाच्या आईला बोलावून घेतले तेव्हा आणखी कळले. चौथीत असताना गुरुजी काय सांगतात ते समजायचे नाही, म्हणून मार बसायचा. मार बसायचा म्हणून शाळा सुटली. शाळा सुटली म्हणून दिवसभर भंगारवाल्याच्या दुकानापाशी बसणे सुरू झाले.

कान फुटला म्हणून मुलगा चोर होतो, असे मी म्हणत नाही. कान फुटलेली हजारो मुले कुणाच्या काडीलाही हात लावत नाहीत. पण त्या मुलाच्या घसरणीची पहिली पायरी कोणती, हे शोधायला आम्ही सगळेच विसरलो होतो. घर, शाळा, पोलीस आणि मी.

कानाबद्दल एवढे लक्षात ठेवा

मुलगा टीव्हीचा आवाज मोठा करतो, 'आँ?' असे वारंवार विचारतो, पाठीमागून हाक मारल्यास वळत नाही, बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहतो, एक कान पुढे करतो, स्वतः मोठ्याने बोलतो. यांतली दोन-तीन लक्षणे दिसली तर 'लक्ष नसते' म्हणून सोडून देऊ नका. घरी एक साधी चाचणी करता येते. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहा. त्याला एका कानाचे भोक बोटाने बंद करायला सांगा आणि कुजबुजत्या आवाजात तीन आकडे म्हणा. त्याला ते परत म्हणता आले पाहिजेत. मग दुसरा कान. चुकत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

कान वाहत असेल तर त्यात तेल, लसणाचा रस, दूध, झाडपाल्याचा रस काहीही घालू नका. काडी, पिन, किल्ली घालू नका. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवा. विहिरीत किंवा नदीत पोहणे बंद. कानामागे सूज, तीव्र डोकेदुखीसह ताप, चक्कर किंवा तोंड वाकडे होणे, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. पडद्याचे भोक पुष्कळदा शस्त्रक्रियेने बुजवता येते. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत मुले तपासतात, त्यात कानही असतात. तपासणीच्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

रात्री भांडणारी मुले

त्या अनुभवानंतर मी एक शिस्त स्वतःला लावून घेतली. वागणुकीबद्दल लिहिण्याआधी शरीराबद्दल विचारायचे. त्याचा फायदा लवकरच दिसला.

एका हिवाळ्यात आमच्याकडे रात्री अकरानंतर भांडणे होऊ लागली. दोन मुले एकमेकांना लाथा घालायची, पांघरुणे ओढायची. दिवसा दोघेही पेंगलेले, चिडचिडे. पूर्वी मी त्यांना वेगळे बसवून दम दिला असता. या वेळी हात पुढे करायला सांगितले. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ. खरूज! ती रात्री जास्त खाजते. रात्रभर खाजवणाऱ्या मुलाला झोप कुठली, आणि झोप नसलेल्या मुलाला धीर कुठला?

खरजेचा नियम एकच. औषध एकट्याला लावून उपयोग नाही. घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी लावायचे, खाज असो वा नसो. डॉक्टरांनी दिलेले मलम मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्या आणि नखांखालीही, रात्री लावून सकाळी आंघोळ करायची. डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्याने पुन्हा लावायचे. कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायच्या. किडे मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे राहू शकते, तेवढ्यावरून औषध फुकट गेले असे समजू नये. आम्ही सर्व मुलांना आणि कर्मचाऱ्यांनाही एकाच रात्री औषध लावले. पंधरवड्यात भांडणे थांबली. कुणाला शिक्षा करावी लागली नाही.

झोपेबद्दल आणखी एक गोष्ट. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला रोज आठ ते दहा तास झोप लागते. या वयात झोप येण्याची वेळच उशिराकडे सरकते, तो आळस नव्हे. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला क्लास, असे वेळापत्रक ठेवून 'मुलगा उलट बोलतो' अशी तक्रार करणे बरोबर नाही.

व्यसन सुटतानाचा राग

दाखल झाल्यावर पहिले तीन-चार दिवस काही मुले भयंकर चिडतात. भांडी आपटतात, झोपत नाहीत, घाम येतो, हात थरथरतात. यामागे पुष्कळदा तंबाखू असते. ती अचानक बंद झाली की पहिल्या आठवड्यात तगमग होते, मग हळूहळू ओसरते. भरपूर पाणी, वेळेवर जेवण आणि हाताला काम दिले की मुले तो आठवडा काढतात.

पंक्चरचे सोल्यूशन किंवा व्हाइटनर हुंगण्याचे व्यसन मात्र फार घातक. ते हुंगताना हृदयाचे ठोके बिघडून मूल जागच्या जागी दगावू शकते, अगदी पहिल्याच वेळीसुद्धा. तोंडाभोवती पुरळ, कपड्यांना रसायनाचा वास, खिशात चिंधी किंवा प्लॅस्टिकची पिशवी, तोल जाणे, या खुणा आहेत. असे मूल नशेत सापडले तर त्याच्या मागे धावू नका, घाबरवू नका. मोकळ्या हवेत शांत बसवा आणि दवाखान्यात न्या. आणि रोज दारू पिणारा कुणीही, मोठा असो वा लहान, दारू एकदम बंद झाल्यावर थरथरू लागला, भ्रम झाल्यासारखा बोलू लागला किंवा त्याला झटका आला तर घरगुती उपाय करत बसू नका. जिवाला धोका असतो.

गप्प मुलाकडे लक्ष द्या

नव्या अधिकाऱ्याचे लक्ष आरडाओरडा करणाऱ्या मुलाकडे जाते. जुन्याचे लक्ष गप्प बसणाऱ्याकडे जाते. पहिली रात्र, न्यायासनासमोरच्या तारखेनंतरची रात्र आणि भेटीचा दिवस असूनही घरचे कुणी आले नाही ती रात्र, या तीन रात्री मी जास्त फेऱ्या मारायचो. जेवण सोडणे, आपल्या वस्तू वाटून टाकणे, 'माझं काय, मी नसलो तरी चालेल' असे बोलणे, अंगावर स्वतःच केलेल्या जखमा. असे काही दिसले की त्या मुलाला एकटे सोडायचे नाही.

पुष्कळांना वाटते, जीव देण्याबद्दल विचारले तर नसलेला विचार मुलाच्या डोक्यात शिरेल. तसे होत नाही. "तुला जगू नये असं वाटतं का?" असे शांतपणे विचारल्यावर मुले रडली आहेत आणि बोलली आहेत. उपदेश नंतर करा, आधी ऐका. मग डॉक्टरांकडे न्या. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत सल्ला मिळतो. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

राग आलेल्या मुलापुढे कसे उभे राहावे

माणसाच्या मेंदूचा पुढचा भाग, जो विचार करून लगाम घालतो, तो पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. भावना भडकवणारा भाग मात्र त्याआधीच जोरात असतो. म्हणून या वयात राग पटकन चढतो. ही सबब नव्हे, ही समजून घ्यायची गोष्ट आहे. चौकशीत मुलाला त्याच्या कृत्याचा जबाब द्यावा लागतोच, आणि तो द्यायलाच हवा.

अनुभवाने मी चार गोष्टी शिकलो. एक, चारचौघांत मुलाशी वाद घालायचा नाही, कारण मित्रांसमोर तो माघार घेऊ शकत नाही. दोन, समोर छाती काढून नव्हे, थोडे बाजूला, दोन हात लांब उभे राहायचे. तीन, त्याचा आवाज चढला की आपला उतरवायचा. चार, त्याला थोडा वेळ द्यायचा, पाणी द्यायचे आणि 'असं का केलंस?' हा प्रश्न तो शांत झाल्यावरच विचारायचा.

हे करायला अधिकाऱ्याची स्वतःची तब्येत नीट लागते. सलग रात्रपाळ्या, वेळी-अवेळी जेवण आणि सतत ओरडणे यांमुळे मला पंचेचाळिशीतच रक्तदाब लागला. ज्या दिवशी माझी झोप झालेली नसे, त्या दिवशी गृहात जास्त भांडणे होत. दोष मुलांचा नव्हता. घरातही हेच आहे. मुलावर हात उगारण्याआधी आपण शेवटचे नीट कधी झोपलो, हे आठवून पाहा.

आता तर संस्थेत मुलाला शिस्तीच्या नावाखाली मारणे हा गुन्हाच आहे. २०१५च्या कायद्यात पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड आहे, पुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. शिवाय नोकरी जाते. दाखल झालेल्या मुलाची २४ तासांत वैद्यकीय तपासणी करावी, असाही नियम आहे. १९९६ साली मी हे नियमाने केले असते, तर ती चपराक बसलीच नसती.

घरी विचारायचे पाच प्रश्न

आपला मुलगा किंवा मुलगी 'ऐकत नाही' असे वाटले, की रागावण्याआधी स्वतःला विचारा :

१. त्याला नीट ऐकू येते का? नीट दिसते का? शेवटची तपासणी कधी झाली?

२. त्याची झोप पुरी होते का?

३. त्याला कुठे दुखते-खुपते का? दात, पोट, कान, त्वचा?

४. तो वेळेवर पोटभर जेवतो का? तंबाखू किंवा दुसरे काही घेतो का?

५. त्याला कुणाची भीती वाटते का? शाळेत, रस्त्यात, घरात?

पाचही उत्तरे मिळाल्यावर रागवायला हरकत नाही. माझा अनुभव असा, की बहुतेक वेळा तोपर्यंत रागाचे कारणच उरलेले नसते.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे कुणी विचारील. चौकशीनंतर त्याला आईच्या ताब्यात, परिविक्षा अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली दिले गेले. औषधाने कान कोरडा झाला, पुढे डाव्या कानाची शस्त्रक्रियाही झाली. बऱ्याच वर्षांनी एस.टी. स्टँडवर एका तरुणाने मला गाठले. मी ओळखले नाही. त्याने नाव सांगितल्यावर, सवयीने, मी त्याच्या उजव्या बाजूला गेलो आणि मोठ्याने विचारले, "काय रे, बरा आहेस ना?"

तो हसून म्हणाला, "सर, हळू बोला. आता येतं ऐकू."